अचला ते अंकाई : पायी निघण्याआधी

नाशिकहून वणी-दिंडोरीच्या बाजूला निघालं की उत्तरेच्या क्षितिजावर एक लांबच लांब कातळी रांग दिसू लागते. मधेच सपाट माथा, मधेच सुळका, मधेच एखाद्या डोंगराला पडलेली चौकोनी खाच. ही सातमाळा. पश्चिमेला अचल्यापासून ती सुरू होते आणि अहिवंत, मोहनदर, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचन, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड असे डोंगर आणि किल्ले घेत पूर्वेला मनमाडजवळ अंकाई-टंकाईपर्यंत जाते. सरळ रेषेत हे अंतर ७० किलोमीटरच्या आसपास भरतं. पायी, वळसे आणि चढउतार धरले तर ते शंभराच्या पुढं जातं. ही सगळी रांग एका दमात, पाठीवर सॅक घेऊन, वाटेतल्या गावांत मुक्काम करत कशी चालावी, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

या रांगेतले किल्ले नाशिकच्या किंवा पुण्या-मुंबईच्या ट्रेकरांना नवे नाहीत. शनिवारी रात्री जीप करायची, रविवारी दोन किल्ले करायचे आणि संध्याकाळी परतीला लागायचं, असं करत काही वर्षांत सगळी रांग पाहून होते. त्यात वावगं काही नाही. पण दोन किल्ल्यांच्या मधला मुलूख अशानं कधीच पायाखाली येत नाही. धोडपच्या माथ्यावरून कांचन समोर दिसतो; तिथवर पायी कसं जायचं, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं, कारण तेवढं अंतर गाडीनं कापलेलं असतं. सलग चालणाऱ्याचा बहुतेक वेळ नेमका याच मधल्या मुलखात जातो. सोंडा उतरायच्या, ओढे ओलांडायचे, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेनं बांधावरून जायचं, पुन्हा पदरात चढायचं. म्हणून त्याची आखणीही वेगळी हवी. किल्ल्यांची यादी समोर ठेवून ही वाट आखू नये. आधी पाणी कुठं मिळेल ते पाहावं. मग दिवस मावळायच्या आत कोणत्या गावात पोचता येईल ते ठरवावं. या दोहोंच्या मधे जे किल्ले बसतील तेवढे चढावेत. एखादा राहिला तर राहू द्यावा. पुढचे सगळे टप्पे मी याच क्रमानं बांधले आहेत, आणि किल्लेप्रेमी वाचकाला ते कुठंकुठं खटकतील याची मला कल्पना आहे.

अनेक दिवस पायी चालणं नाशिक जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. निवृत्तिनाथांची पालखी दर वर्षी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते आणि नाशिक, सिन्नर, राहुरी, नगर, कर्जत असं करत जवळपास महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरी पोचते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. चैत्रात खानदेशातून, धुळ्या-जळगावाकडून, लोक सप्तशृंगीला पायी येतात, आणि कोजागरीला कावडी घेऊन येणारे वेगळेच. सॅक आणि बूट आल्यावर लांब चालणं सुरू झालं, असं समजणाऱ्यानं एकदा दिंडीबरोबर सिन्नरपर्यंत तरी जाऊन यावं. तिथं आखणी म्हणजे काय ते दिसतं. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत बरीचशी वाट संपवायची, दुपारचा विसावा ठरलेल्या जागी घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. मुक्कामाचं गाव आधीपासून ठरलेलं असतं आणि, हे फार महत्त्वाचं, त्या गावालाही ते ठाऊक असतं. कोणी कुठं चालायचं, पाण्याचा टँकर कुठं थांबणार, स्वयंपाकाची माणसं पुढं कधी जाणार, यातली एकही गोष्ट आयत्या वेळी ठरत नाही. सातमाळेवर चार-पाच जणांच्या गटाला टँकर मिळणार नाही आणि सामान वाहायला ट्रकही नसेल. पण दिवसाची ही घडी जशीच्या तशी उचलावी.

दुसरा धडा अलीकडचा आहे. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून मोर्चानं निघालेले शेतकरी १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोचले. सुमारे १८० किलोमीटर. त्यातले कितीतरी जण सुरगाणा, कळवण, दिंडोरी, पेठ या तालुक्यांतले, म्हणजे याच डोंगराळ पट्ट्यात जन्मभर चाललेले. त्यांच्या सोलपटलेल्या तळपायांची छायाचित्रं त्या आठवड्यात सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. रोज डोंगर चढणाऱ्यांच्या पायांची ही गत डांबरी रस्त्यानं आणि मार्चच्या उन्हानं केली. म्हणून या पुस्तकात डांबरी सडक जिथं टाळता येते तिथं टाळली आहे, मग त्यासाठी वाट लांबली तरी चालेल. फेब्रुवारीनंतर निघण्याचा सल्लाही मी देत नाही.

इंग्लंडमध्ये अशा चालण्याची मोठी परंपरा आहे आणि तिथली पुस्तकं आपल्याकडचे हौशी लोक आवडीनं वाचतात. १९६५ मध्ये खुला झालेला पेनाइन वे ४३० किलोमीटरचा आहे. आल्फ्रेड वेनराइट यांनी १९७३ मध्ये देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, साधारण ३०० किलोमीटरची वाट आखून पुस्तकात मांडली, आणि आज हजारो लोक तिच्यावरून चालतात. पण ती पुस्तकं वाचून इथली आखणी करायला बसलं की घोळ होतो. तिकडं शेतातून जाणाऱ्या पाऊलवाटेवर चालण्याचा लोकांचा हक्क कायद्यानं मान्य आहे. तो सहज मिळालेला नाही. १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या माळावर बंदी मोडून घुसलेल्या कामगारांपैकी काहींना त्यासाठी तुरुंगात जावं लागलं. त्या हक्कामुळं तिथं वाटेला पाट्या आहेत, कुंपणाला फाटकं आहेत, नकाशावर वाट छापलेली आहे. आपल्याकडं सातमाळेची वाट गुरं नेणारे, लाकूडफाटा आणणाऱ्या बाया आणि देवाला जाणारे लोक यांच्या पायांनी टिकून आहे. ज्या गावानं गुरं कमी केली, त्या गावाच्या वरची वाट पाच-सात पावसाळ्यांत झाडोऱ्यात बुजते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आता मोफत उतरवून घेता येतात आणि ते जवळ असलेच पाहिजेत. चढ, ओढे आणि सोंडा त्यांच्यावरून उत्तम कळतात. त्यांच्यावरची तुटक रेषेची पाऊलवाट मात्र आज तिथं असेलच असं नाही. ती आहे का, हे पायथ्याच्या गावात विचारूनच पुढं जावं.

आता पाण्याबद्दल. सातमाळा ही पाणी दोन्हीकडं वाटून देणारी रांग आहे. तिच्या दक्षिण उतारावरचं पाणी कादवेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं. उत्तर उतारावरचं गिरणेला मिळतं, गिरणा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. धारेवरून चालताना दोन्ही अंगांना ओढे उगम पावतात, पण धारेवर स्वतः पाणी नसतं. त्यातच पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडं झपाट्यानं कमी होत जातो. सुरगाण्याकडून येणारे ढग अचला, अहिवंत भिजवतात. चांदवड-येवल्याच्या वाट्याला त्यातलं थोडंच उरतं, आणि तिकडचा भाग टंचाईसाठीच ओळखला जातो. म्हणजे आपण जसजसे अंकाईकडं सरकतो तसतसं पाणी आटत जातं.

किल्ल्यांवर खोदीव टाकी पुष्कळ आहेत. धोडपवर आहेत, इंद्राईवर आहेत, अंकाईच्या माथ्यावर तर मोठं तळं आहे. पण टाकं असणं वेगळं आणि त्यातलं पाणी पिण्याजोगं असणं वेगळं. कार्तिकात निवळशंख असलेलं पाणी माघात हिरवं पडलेलं असू शकतं, आणि एखाद्या टाक्यात माकड किंवा दुसरं एखादं जनावर पडून मेलेलंही असू शकतं. माझा नियम असा, की वरच्या टाक्यातलं पाणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हिशेबात धरायचं नाही. हिशेब फक्त गावातल्या विहिरीचा, हातपंपाचा आणि नळाचा करायचा. माणशी दिवसाला चार ते पाच लिटर. त्यातले तीन लिटर सकाळी निघतानाच सॅकमध्ये हवेत. टाक्यातलं पाणी वापरायची वेळ आलीच तर फडक्यानं गाळून उकळावं. निघायचे महिनेही पाणीच ठरवतं. दिवाळी झाली की तयारीला लागावं आणि मार्गशीर्ष संपायच्या आत रांग चालून व्हावी. तेव्हा ओढे वाहते असतात आणि उन्हाला धार नसते. गवत उभं असतं हा त्यातला त्रास. कुसळं मोज्यांत शिरून हैराण करतात. पण पुढं ते गवत वाळलं की वणव्यांची भीती सुरू होते, त्यापेक्षा कुसळं परवडली.

पाण्यानंतर बारी. दोन डोंगरांमधल्या खिंडीला या भागात बारी म्हणतात, आणि सातमाळेचा इतिहास तिच्या बाऱ्यांमधूनच घडला आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज बागलाणातून परतत होते. लुटीचं सामान लादलेली जनावरं बरोबर होती. सातमाळा ओलांडल्याशिवाय नाशिककडं येता येत नव्हतं. हे ओळखून दाऊदखान कुरेशी चांदवडहून आडवा आला, आणि कांचनबारीजवळ उघड्यावर मोठी लढाई झाली. मराठ्यांनी ती जिंकली आणि सामान सुखरूप पुढं गेलं. मोकळ्या मैदानात मोगली फौजेशी समोरासमोर झुंजून मिळवलेल्या विजयांमध्ये या लढाईचं स्थान फार वरचं आहे. कांचनच्या पायथ्याला दुपारी विसावा घेताना समोरची खिंड नीट पाहावी. लादलेली जनावरं घेऊन या भिंतीतून दुसरीकडं कुठून जाता आलं असतं, हे शोधायला लागलं की त्या दिवसाचा ताण कळतो.

चालणाऱ्याला बाऱ्यांचा उपयोग आणखी एका कारणानं आहे. नांदुरीचा घाट, मुळाणबारी, भावडबारी, राहुडचा घाट अशा ठिकाणी आज रस्ते झाले आहेत. कोणाचा पाय मुरगळला, कोणाला ताप भरला, तर धारेवरून जवळच्या बारीत उतरलं की वाहन मिळतं. त्यामुळं प्रत्येक दिवसाच्या आखणीत ‘आज सोडायची वेळ आली तर कोणत्या बारीत उतरायचं’ हे मी आधी लिहिलं आहे आणि मुक्काम नंतर. गटातल्या प्रत्येकाला ते पाठ असावं, एकट्या म्होरक्याला नव्हे.

एक टप्पा नमुन्यादाखल जरा जवळून दाखवतो. सप्तशृंगगडावर मुक्काम झाला की पहिल्यांदाच बरं अंथरूण, आंघोळ आणि गरम जेवण मिळतं. देवस्थानचं भक्तनिवास आहे, दुकानं आहेत. चैत्रातल्या आणि नवरात्रातल्या गर्दीचे दिवस सोडून यावं. देवीची अठरा हातांची भव्य मूर्ती कड्यातच आहे आणि तिची मान किंचित कललेली आहे. समोरच्या मार्कंड्यावर बसून मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि देवी ते कान देऊन ऐकते, अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी आपल्याला त्याच समोरच्या डोंगराकडं जायचं असतं. गडावरून तो हाकेच्या अंतरावर वाटतो. पण मधे खोल दरी आहे. गड पूर्ण उतरायचा, तळात यायचं आणि मार्कंड्याची चढण नव्यानं सुरू करायची. कड्यात कोरलेल्या पायऱ्यांनी माथा गाठला की मागं सप्तशृंगाची भिंत आणि पुढं रवळ्या-जवळ्याचं जोडनाव दोन वेगळ्या डोंगरांत उभं दिसतं. तिथून उतरून मुळाणबारी. बारी ओलांडली की रवळ्या-जवळ्याचं पठार. त्याच्या पलीकडं धोडप, १४५० मीटरच्या आसपास उंचीचा, माथ्यावर सरळसोट कातळभिंत आणि तिच्यात ती चौकोनी खाच. ही भिंत म्हणजे लाव्हाच्या थरांना पडलेल्या उभ्या भेगेत नंतर वर आलेला आणि थिजलेला दगड. तो भोवतालच्या दगडापेक्षा कठीण, म्हणून बाजूचं झिजून गेलं तरी तो उभा राहिला.

नकाशावर बोटानं मोजलं तर सप्तशृंगापासून धोडपच्या पायथ्याचं हट्टी गाव एका दिवसात यावं असं वाटतं. तसं आखू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशेब दिला: तासाला तीन मैल, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना एक तास वाढवायचा. तो आजही जगभर वापरतात. त्यात आपलं ऊन, मुरमाड उतार आणि कुसळं धरलेली नाहीत. सातमाळेवर नेस्मिथच्या हिशेबानं येणारा वेळ दुप्पट धरावा. मग कळतं की मार्कंड्या आणि धोडप यांच्या मधे एक मुक्काम हवाच, आणि तो मुळाणबारीच्या आसपासच्या वस्तीत सोयीचा पडतो. धोडपला सबंध दिवस द्यावा. जून १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा इथंच पराभव करून त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात ठेवलं. दरवाजे, तट, माचीवरचे वाड्यांचे चौथरे आजही पायाखाली येतात. धोडप घाईत उरकणाऱ्याचं मला फार वाईट वाटतं.

गावांबद्दल. या रांगेच्या पश्चिम भागात कोकणा, महादेव कोळी, भिल्ल यांच्या वस्त्या जास्त, पूर्वेकडं कांदा-द्राक्षं पिकवणाऱ्या मळेकऱ्यांची गावं. मुक्कामाला शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर किंवा मारुतीचं देऊळ मिळतं, पण ते पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला विचारून. निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करावा आणि माणसं किती, कधी येणार, जेवण हवं का, हे सांगावं. जेवणाचे पैसे आपणहून द्यावेत, घासाघीस करू नये. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचं वरण असं ताटात आलं तर त्याहून चालणाऱ्याला चांगलं काही नाही. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण चालू असते. बाया ओळीनं वाकून रोपं लावत असतात, वाफा नुकताच भिजवलेला असतो, आणि त्यात पडलेलं एक पाऊल म्हणजे कोणाची तरी मोडलेली मेहनत. बांध सोडू नये. द्राक्षबागेतून वाट काढू नये, औषधाची फवारणी चालू असली तर अजिबातच नाही.

मार्गशीर्षात जाणाऱ्यांना रात्री डोंगराच्या अंगानं पावरीचे सूर आणि गाण्याचे आवाज ऐकू येतील. तो डोंगऱ्यादेवाचा उत्सव. व्रत घेतलेले लोक त्या दिवसांत कडक नियम पाळतात, गावोगाव फिरतात आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरातल्या आपल्या देवाच्या ठिकाणी जातात. त्यांच्या वाटेवर तंबू ठोकू नये, बोलावल्याशिवाय जवळ जाऊ नये आणि मोबाइल काढून चित्रण तर मुळीच करू नये. गावातल्या जाणत्या माणसाला विचारलं तर कुठं थांबावं आणि कुठून बाजूनं जावं हे तो सांगतो. हे डोंगर आपण चालायला निघण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे देव आहेत.

सामानाविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथं थोडक्यात. पाण्याशिवाय सॅक आठ किलोच्या वर जाऊ देऊ नये. बूट नवे नकोत. निदान महिनाभर वापरून पायाला बसलेले हवेत. फोड येण्याआधी, नुसतं चुरचुरायला लागल्यावरच थांबून पट्टी लावावी. कड्यांना आग्या मोहोळं असतात. त्यांच्याखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा हे तिन्ही वर्ज्य, आणि हा नियम मोडणारा माणूस गटात नको. शेकोटी मुक्कामाच्या गावात, डोंगरावर कधीच नाही. राजधेरसारख्या ठिकाणी कातळटप्पा आहे. तिथं सॅक खाली ठेवून जावं.

शेवटचा टप्पा चांदवड ते अंकाई. बरेच जण चांदवडला, रेणुकामातेचं दर्शन घेऊन आणि अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल पाहून, महामार्गावरून नाशिकची एसटी धरतात. मला तसं करणं पटत नाही. १६३६ च्या सुमाराच्या मोगली मोहिमेत ही सगळी रांग एकामागून एक पडत गेली, आणि त्या फौजांच्या लेखी अंकाईही याच साखळीतली होती. चांदवडच्या पुढं डोंगर तुटक होतात, मधे उघडी शेतं आणि माळ येतो, सावली कमी होते, आणि मनमाडजवळ हडबीची शेंडी एकटी उभी दिसते. सगळ्या वाटेत सर्वांत कोरडा भाग हाच. चांदवडहून निघताना माणशी पाच लिटर पाणी घ्यावं, पहाटे पाचच्या आत निघावं आणि हा टप्पा दोन दिवसांत करावा. अंकाई आणि टंकाई हे जोडकिल्ले मधल्या खिंडीनं जोडलेले आहेत. टंकाईच्या अंगाला जैन लेणी आहेत, अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान आहे. खाली उतरलं की मनमाड-दौंड लोहमार्गावरचं अंकाई स्टेशन येतं. तिथं सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून वेळापत्रक घरून निघतानाच पाहून ठेवावं. गाडी चुकली तर मनमाडला किंवा येवल्याला जाणारं वाहन रस्त्यावर मिळतं, पण अंधार पडायच्या आत.